पाच मार्कांचा पासवर्ड

मारेगावच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला होते. लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर दोघी बसायच्या. माझ्या जोडीला जवळच्या खेड्यातून एसटीनं येणारी मुलगी होती. डबा आम्ही एकत्र खायचो, आणि घरी बोलता येत नाही असं बरंच काही ती माझ्याशी बोलायची.

त्या दिवशी सर माहितीची सुरक्षा शिकवत होते. म्हणाले, "पासवर्ड मशीन कमी फोडते, ओळखीचा माणूस जास्त फोडते. शेजारच्याचा मेल उघडून दाखवा. जमलं त्याले प्रॅक्टिकलचे पाच मार्क."

ती हसून म्हणाली, "तुले नाही जमत."

मला जमलं. तिच्या बकरीचं नाव आणि पुढं हजेरी नंबर. दुसऱ्याच खेपेला मेल उघडला. ती रोज याच कॉम्प्युटरवर बसायची, म्हणून फोनवरचा कोडही मागितला नाही. मी हात वर केला. सरांनी आमचा कॉम्प्युटर प्रोजेक्टरला जोडला.

"सर, बंद करा ना," ती म्हणाली.

"चोर बंद करते का?" सर म्हणाले. वर्ग हसला. मग मला म्हणाले, "सगळ्यात वरचा उघड."

माऊस माझ्या हातात होता. मी उघडला.

पुण्याच्या एका कंपनीचं पत्र होतं. बारावीच्या मार्कांवर ट्रेनिंगसाठी निवड झाली आहे, राहण्याची सोय आहे, शनिवारपर्यंत होकार कळवावा. खाली तिनं आधी लिहिलेली ओळ दिसत होती: 'कृपया घरच्या नंबरवर फोन करू नये.' सरांनी ती ओळ दोनदा वाचली, दुसऱ्यांदा बायकी आवाज काढून. तिनं झटकन मॉनिटरचं बटण दाबलं. आमचा मॉनिटर काळा झाला, भिंतीवरचं पत्र मात्र तसंच राहिलं. त्यावर सगळ्यात मोठा हशा झाला. मीही हसले.

मागच्या बाकावर तिचा चुलत भाऊ होता. तो हसला नाही. त्यानं मोबाईल काढून भिंतीचा फोटो घेतला.

दुसऱ्या दिवसापासून तिचं येणं बंद झालं. मी जर्नल द्यायच्या निमित्तानं तिच्या गावी गेले. समोरच्या खोलीत कापूस भरला होता. "कायले आली?" एवढंच विचारून तिची आई आत गेली. मग ती बाहेर आली. तिचा गाल सुजलेला होता.

"मी आईले सांगनार होती, मंग आई बाबाले सांगनार होती," ती म्हणाली. "तसं मनात ठरवलं होतं."

"माफ कर."

"बकरीचं मीच सांगतलं ना तुले." मग आवाज खाली आणून म्हणाली, "फोन काकाजवळ हाय. मेलचा पासवर्ड त्यायनं बदलला. शनिवारच्या आत खोलून दे. एकदा खोलला ना तू."

शुक्रवारी मी लॅबमध्ये बसले. गावाचं नाव, काकाचं नाव, शेताचा गट नंबर, जे सुचेल ते टाकून पाहिलं. काही लागेना. शेवटी 'पासवर्ड विसरलात?' यावर क्लिक केलं. कोड पाठवला आहे, असं स्क्रीनवर आलं. कुठं पाठवला, हे माझ्या डोक्यात त्यानंतर शिरलं.

शनिवारी चुलत भाऊ माझ्या बाकापाशी येऊन उभा राहिला.

"काल तिच्या फोनवर कोड आलता," तो म्हणाला. "तिनंच कोनाले तरी कामाले लावलं असन. माह्या बाबानं लय मारलं तिले. सकाळी उमरखेडले आत्याकडे सोडून आले तिले." एसटीची वेळ सांगावी तसं तो सांगत होता.

"अस्सं," मी म्हणाले. ते मी केलं होतं, हे त्याला सांगितलं नाही.

पाच मार्क मला मिळाले. उन्हाळ्यात तिचं तिकडंच लग्न झालं. त्यानंतर एकदाच मी तिच्या मेलवर लिहिलं. वाचणारं कोण असेल ते ठाऊक नव्हतं, म्हणून माफीसुद्धा मागितली नाही. कशी आहेस, एवढंच विचारलं. चार दिवसांनी उत्तर आलं, 'मजेत.' ते तिनं लिहिलं की तिच्या काकानं, हे मला अजून कळलेलं नाही.