दूध वापस आलं ते दोन दिवस

सन २०२४. माझं वय तेव्हा एकोणसत्तर. आधार कार्डावर जास्त आहे, पण ते लिहिणाऱ्यानं अंदाजानं टाकलं. माझी माय सांगायची तेच मी धरतो.

वरवट बकालच्या अलीकडे आमचं खेडं. घरी दोन म्हशी. सकाळी धार काढायची, दूध कॅनमध्ये भरायचं, मोटारसायकलला अडकवायचं अन् वरवटच्या संकलन केंद्रावर नेऊन घालायचं, हे माझं काम. शाळा चौथीपर्यंतच झाली. पण माझ्या दुधात पाण्याचा थेंब नसतो, हे गावात कोणालाही विचारा.

त्या उन्हाळ्यात केंद्रावर एक पेटी आली. जेवणाच्या डब्याएवढी. कुठल्या तरी कॉलेजानं वापरून पाहायला दिलेली. पट्टीवर दुधाचा थेंब टाकायचा, पट्टी पेटीत सरकवायची, चहा पिऊन होईस्तोवर दिवा लागतो. हिरवा लागला तर दूध चांगलं, लाल लागला तर त्यात आजारी पाडणारे जंतू. पहिले नमुना शहरात जायचा अन् निकाल यायच्या आधीच दूध लोकांच्या पोटात गेलेलं असायचं. केंद्र सांभाळणारी पोरगी संग्रामपूरची, दुधाचंच शिकलेली. ती हे सगळ्यांना समजावून सांगत होती. मी कान दिला नाही. माझ्या दुधाचा अन् त्या पेटीचा काय संबंध?

पहिल्याच दिवशी माझ्या दुधावर लाल दिवा लागला.

मी तिला म्हटलं की पेटी बिघडली आहे. ती म्हणाली, पेटी बरोबर आहे, दूध आज घेता येणार नाही. हे दूध आश्रमशाळेतल्या लेकरांना जातं, अन् लागोपाठ तीनदा लाल आलं तर केंद्रावर दूध घालायचं कार्ड बंद होतं, असा नियम. मला वाटलं, ही मला पाणी घालणारा समजते. फॅट पाहा, पाणी पकडणारी डिग्री पाहा, असं मी चारचौघांत सुनावलं. ती शांतपणे म्हणाली की फॅट एक नंबर आहे, पण जंतू फॅटमध्ये दिसत नाहीत.

माझ्यामागे आमचा शेजारी उभा होता. तो पाणी घालतो हे त्याच्या म्हशीलाही माहीत आहे. केंद्र त्याला भाव कमी देतं, पण दूध घेतं. त्याचा दिवा हिरवा लागला.

"काका," तो म्हणाला, "आमचं पातय हाय, पन निरोगी हाय."

सगळी रांग हसली.

भरलेली कॅन घेऊन परत येणं काय असतं, ते ज्याच्यावर आलं त्यालाच कळतं. फाट्यावरच्या हॉटेलवाल्यानं हटकलंच, दूध वापस काऊन? घरी पाहुणे आहेत, खवा करायचा आहे, असं सांगून मी निघालो. घरी बुढीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, कॅन पाहिली अन् सरळ कढई चढवली. त्याचा मला जास्त राग आला.

कॅन गरम पाण्यानं घासली, दिवसभर उन्हात पालथी घातली. दुसऱ्या दिवशी म्हशींची कास धुतली, माझे हात साबणानं धुतले. तरी लाल. माझं डोकं फिरलं. मी तिला म्हटलं, "तुयी पेटी दूध खराब हाय एवढंच सांगते, कुठं खराब हाय ते सांगत नाई. डॉक्टर बी इचारते, दुखते कुठं. हिंमत असन तर ये माया गोठ्यात."

संध्याकाळी ती खरंच आली, स्कूटीवर पेटी घेऊन. बादलीतलं दूध तपासलं, हिरवं. कॅनमध्ये ओतून तपासलं, तेही हिरवं. मी बुढीकडे पाहिलं, म्हणजे बघ. पोरगी म्हणाली, "बाबा, आता सकाळी जसं नेता तसंच करा, अन् फाट्यापर्यंत चक्कर मारून या."

मी गोठ्याच्या नालीवरची हरळी उपटली, तिची गुंडाळी केली, कॅनच्या तोंडात कोंबली अन् वरून झाकण दाबलं. रस्ता खड्ड्यांचा, झाकण सैल. हरळी लावली की दूध हिंदकळून सांडत नाही. माझा बाप सायकलवर दूध न्यायचा तेव्हापासून आमच्यात हेच चालत आलं आहे. सगळीकडे वाळलं तरी नालीवरची हरळी बारा महिने हिरवीगार असते, म्हणून तिथलीच घ्यायची. शेजारी मात्र झाकणाखाली प्लास्टिकची पन्नी लावतो.

फाट्याहून परत आलो. झाकण काढलं तर हरळीतून दूध ठिबकत होतं. पोरगीनं थेंब घेतला. लाल.

"गवत खाऊनच तं म्हैस दूध देते," मी म्हटलं. "तिच्या पोटात गेलं तं चांगलं, अन् कॅनच्या तोंडाले लागलं तं इख?"

"गवताचं नाई बाबा. त्या नालीतून शेनाचं पानी जाते, त्याचं हाय."

मी जास्तच चिडलो. चहा मी विचारला नाही. बुढीनं केला. जाताना पोरगी स्कूटीवरून म्हणाली, "उद्या हरळी लावून आनली तरी मी पट्टी टाकनार. लाल आलं तं कार्ड बंद करीन. मले वाईट वाटन, पन करीन."

ती गेल्यावर बुढी म्हणाली, पन्नी लावा ना तुमी बी, त्यात काय? त्या पाणीवाल्याची नक्कल मी करायची? मी जेवलो अन् बाजेवर पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हरळी लावली नाही, पन्नीही लावली नाही, अन् मोटारसायकलही काढली नाही. कॅन खांद्यावर घेतली, झाकणावर तळहात दाबला अन् दूध हिंदकळू न देता वरवटला पायी गेलो. वाटेत शेजारी गाडी हळू करून म्हणाला, "काका, पेट्रोल सरलं का?" मी म्हटलं, "तू चाल बे, तुयं पानी गरम होऊन राह्यलं." केंद्रावर कॅन ठेवली. पोरगीनं थेंब घेतला. मी बसलो नाही. दिवा हिरवा लागला. तिनं दूध मापाला घेतलं, अन् मी ती पेटी उचलून रांगेकडे फिरवली अन् शेवटच्या माणसाला दिसेस्तोवर तशीच धरून उभा राहिलो.