साठेबाज गाठ आणि माझी नाकेबंदी

हसायचं तर खुशाल हसा मंडळी, पण संगमनेरात जन्मभर तेल-तूप विकलेल्या माणसानं स्वतःच्या बायकोचंच तूप तोडलं, ही गोष्ट ऐकून घ्या!

आमच्या सुमनला छातीत कर्करोगाची गाठ निघाली. नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी पहिली केमो दिली. मी पडलो चौकस! विचारलं, "गाठ एवढी माजते कशानं?"

"कारणं बरीच आहेत. काही गाठींच्या पेशी चरबीचे बारीक थेंब साठवून ठेवतात. अशा पेशी जास्त आक्रमक असाव्यात, असं संशोधनात दिसतंय."

झालं! पुढचं ऐकतोय कोण? माल दाबून बसणारे मी काय थोडे पाहिलेत? त्यांना नमवायचं तर आवक तोडायची!

घरी येताच तूप बंद, तेल बंद, दूध बंद. शेंगदाण्याची चटणीसुद्धा कपाटात, कुलपात!

"अहो, कोरडी भाकर घशाखाली उतरत न्हाई."

"गाठीच्याही उतरत नसेल. दम धर!"

शेजारच्या मार्थाबाई डिंकाचे लाडू घेऊन आल्या. मी दारातच अडवलं. "बाई, शत्रूला रसद पुरवताय!"

"शेठ, शत्रूचं राहू द्या. सुमनताईचं तोंड बघा की जरा!"

बघितलं असतं तर!

तीन आठवड्यांनी दुसऱ्या केमोला गेलो. सुमन काट्यावर चढली आणि डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "पाच किलो कमी? एवढ्या अशक्तपणात आज केमो नाही देता येणार."

मी आपला पराक्रम सांगितला. अगदी कुलपासकट!

मग बाई म्हणाल्या, "अहो, त्या पेशी चरबी स्वतःही बनवतात, अंगातूनही ओढतात. ताटातलं तूप थेट गाठीत जात नसतं! गाठ राहिली बाजूला, उपाशी या राहिल्या. आठवड्यात ताकद भरली नाही, तर उपचार आणखी लांबतील."

तो आठवडा कसा गेला, माझं मला ठाऊक. अंडी, डाळ, दूध, सगळं बाईंनी लिहून दिलं तसं. सुमनचा घास अडला की माझा श्वास अडायचा.

पुन्हा काटा. मी डोळेच मिटले.

"भरलंय थोडं. रक्ताचा रिपोर्टही बरा आहे. देऊ या आज."

मी रुमालात तोंड खुपसून रडलो हो!

बाई सुमनला म्हणाल्या, "ताई, आता घरी कसलीही अडचण आली तर लगेच फोन करायचा."

सुमन म्हणाली, "अडचण संगंच आणलीय, मॅडम. तेवढी बाहेर बसवा, मग सांगा काय खायचं ते."

मी निमूटपणे बाहेर जाऊन बसलो.