आपणबाई

आपणबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण खऱ्या नावाने हाक मारणारं आता त्या सरकारी शाळेत कुणी उरलेलं नाही, आणि बाईंचीही त्याबद्दल तक्रार नाही. तळमजल्यावरचा कोपऱ्यातला वर्ग त्यांचा. गवंड्यांची, शिंप्यांची, गोदामातल्या हमालांची, दवाखान्यातल्या आयांची पोरं तिथे येतात. घरी ज्याची त्याची भाषा निराळी. मधल्या सुट्टीत एकच भांडण चार भाषांतून चालतं आणि गंमत म्हणजे सगळ्यांना कळतं.

या पोरांची एक चूक मात्र ठरलेली. शाळेच्या भाषेत ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. यांच्या बहुतेकांच्या घरी दोन्हींना मिळून एकच शब्द. त्यामुळे एखादा बिनदिक्कत उभा राहून सांगतो, “बाई, काल आपण अंघोळ नाही केली.”

“तू तुझं सांग बाबा, माझी झाली,” असं बाई म्हणतात आणि वर्ग खिदळतो. मग बाई हाताने हवेत वर्तुळ काढतात. समोरच्याला त्यात घेतलं तर आपण, बाहेर ठेवलं तर आम्ही.

त्यांचं हे नाव पडलं तेही याच चुकीमुळे. एका गवंड्याची मुलगी हेडसरांपुढे उभी राहून म्हणाली होती, “सर, आपण खिडकीची काच फोडली.” हेडसर ताडकन उठले. “मी फोडली?” बाई हसू दाबत मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, “हो सर, आपणच. पोरांना मैदान नाही म्हणून ती व्हरांड्यात खेळतात. मैदान मागायला आपण कधी गेलो का?” तेव्हापासून हेडसरच त्यांना आपणबाई म्हणू लागले.

बाईंचा नवरा बसच्या गॅरेजात मेकॅनिक. त्याचं गाऱ्हाणं वेगळंच. “तुझ्या वर्गात आपण म्हणजे सगळे. मग घरी ‘आपण भांडी घासू या’ म्हणालीस की मी एकटाच कसा गं?”

यंदा मात्र बाईंच्या जिवाला घोर लागला. हेडसरांनी बोलावून सांगितलं, “बाई, बाकं पुरत नाहीत. त्यात जुने पालक कुरकुरतात, या बाहेरून आलेल्या नव्या पोरांपायी आमची मागे पडतात म्हणून. नव्यांना मागच्या पत्र्याच्या खोलीत वेगळं बसवायचं घाटतंय. शिक्षण खात्याचे साहेब उद्या वर्ग बघून ठरवणार.”

त्या रात्री बाईंना जेवण गेलं नाही. “पोरांकडून चार वाक्यं पाठ करून घे ना,” नवरा म्हणाला.

“पाठ केलेलं लगेच ओळखू येतं. आणि माझी पोरं काय पोपट आहेत?” बाई त्याच्यावरच उखडल्या.

साहेब आले. शांत माणूस, आवाज चढवणारा नव्हे. वर्ग फिरून झाल्यावर म्हणाले, “बाई, माझा कुणावर राग नाही. पण देश एक राहायचा तर सगळ्यांना मिळून एक भाषा यायला हवी. ती नीट येईपर्यंत ही मुलं वेगळी बसली तर बिघडलं कुठे?”

“वेगळी बसून बोलतील कुणाशी, साहेब? भिंतीशी?” बाई म्हणाल्या. “भाषा आली म्हणून ही एकत्र बसत नाहीत. एकत्र बसतात, डबे वाटतात, भांडतात, म्हणून भाषा येते.”

साहेब पहिल्या बाकावरच्या मुलीकडे वळले. ही हमालाची मुलगी, सगळ्यांत नवी. आल्यापासून तिचं तोंड उघडलं होतं ते फक्त शेजारच्या शिंप्याच्या मुलीच्या कानाशी.

“बाळ, तुम्ही कुठले?” साहेबांनी विचारलं.

मुलीने शेजारणीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, मग सरळ साहेबांकडे.

“आपण इथले.”

हेडसर घाईघाईने पुढे झाले. “चुकलं तिचं साहेब. ‘आम्ही’ म्हणायचं होतं. नवीन आहे ती.”

“आम्ही नाही,” मुलीने ठाम मान हलवली. “आपण.” आणि तिने हवेत हाताने वर्तुळ काढलं. शेजारीण, वर्ग, हेडसर, आणि हात पुरेना तेव्हा टाचा उंचावून साहेबसुद्धा त्यात घेतले.

बाईंचा ऊर अभिमानाने भरून आला. इतकी वर्षं शिकवून त्यांनी स्वतः एवढं मोठं वर्तुळ कधी काढलं नव्हतं.

साहेबांनी त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, “हेडसर, चुकलं नाही तिचं. वर्ग आहे तसा राहू द्या. पत्र्याच्या खोलीचा विषय संपला. प्रश्न उरला बाकांचा, तर आपण बाकं आणू या.”

बाईंना राहवेना. घरी नवरा विचारतो तोच प्रश्न तोंडात आला.

“आपण म्हणजे नक्की कोण, साहेब?”

साहेबांना हसू आवरेना. “आणायची मी,” ते म्हणाले, “आणि उतरवून घ्यायची आपण सगळ्यांनी.”