रंगाखालचा नंबर

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेलीत, पण त्या काळ्या विलायती गाडीची चौकशी आजही जशीच्या तशी आठवते. मी तेव्हा नांदेडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. लातूरचे एक निवृत्त शिक्षक तक्रारी अर्ज घेऊन आले. त्यांचे वडील डॉक्टर. शिरूर अनंतपाळकडच्या खेड्यांत याच गाडीने रोगी तपासायला जात. गुरुजींनी ती आमच्या हद्दीतल्या एका मिस्त्रीकडे दुरुस्त करून पुन्हा उभी करायला दिली होती. दोन वर्षांनी गाडी झळकत तयार झाली, पण बॉनेटखालची नंबरची पत्र्याची पट्टी गायब. "ही वडिलांची गाडीच नाही. याने बदलली," असं गुरुजींचं म्हणणं.

अर्जाची चौकशी सुरू असतानाच खबऱ्याने सांगितलं, मिस्त्रीने फडक्यात गुंडाळून काहीतरी गोदावरीत टाकलं. पुरावाच बुडवला, असं मी धरून चाललो. मिस्त्रीला सकाळपासून ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवलं. त्याचं गॅरेज बंद. मी आवाजही चढवला.

"पट्टीच टाकली साहेब," तो म्हणाला. "गंजून तुकडे झाले होते. वर हळदीकुंकवाचे लई थर. पुजलेली वस्तू भंगारात कशी घालू? हात जोडून सोडली. खोटं बोलून न्हाई राहिलो."

असा जबाब पोलिसाला पटत नसतो. तोच नंबर गाडीच्या सांगाड्यावर, चेसिसवरही ठोकलेला असतो, पण तो रंगाखाली बुजला होता. त्याच्या गॅरेजवर जाऊन पंचांसमोर रंग खरवडायचं ठरलं, तर मिस्त्री गाडीला आडवा आला.

"रंग नका काढू साहेब. एकेक हात वाळवून मारलाय. दुसरं काय बी विचारा."

आता माझी पुरती खात्री पटली. हवालदाराने त्याला बाजूला घेतलं आणि मी स्वतः पॉलिश पेपर घासला. हळूहळू आकडे वर आले. कागद ठेवून पेन्सिल फिरवली, छाप आरसी बुकाशी ताडून पाहिली. नंबर तोच होता.

गुरुजींनी कागदावरच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "दसऱ्याला त्या पट्टीला कुंकू मीच लावायचो. याने ती भंगारात विकली असती, तर मला जास्त लागलं असतं." त्यांनी अर्ज मागे घेतला, तो दप्तरी दाखल झाला.

आडवा येणारा माणूस गुन्हाच लपवतो, हे मी इतकी वर्षं पक्कं धरलं होतं. हा तर स्वतःचे कष्ट राखत होता. मला शरम वाटली. निघताना म्हटलं, "तेवढी जागा रंगवून टाक. खर्च मी देतो."

"न्हाई साहेब," तो शांतपणे म्हणाला. "वार्निश मारून तसंच उघडं ठेवतो. पुन्हा कुणी ठाण्यात बसवलं तर दाखवायला कामी येईल."