सात नंबरचा मीटर

दारावर टकटक झाली की आत्या रोज विचारायची, "कोण?" बाहेरून "मी" असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मी म्हणजे कोण?"

सून कपाळाला हात लावायची. "अहो आई, माझा आवाज ओळखता की!"

"आवाज काय, कुणीही काढतं."

काचेच्या कारखान्यात आत्या सव्वीस वर्षं इलेक्ट्रिशियन होती, आणि तिथे सगळ्यांचीच आत्या. तिथल्या भट्टीची वीज तुटून चालत नसे. आतली वितळलेली काच थिजली की भट्टीच निकामी. म्हणून नव्या इंजिनियरने विजेचे मीटर कंट्रोलरला जोडले होते. मीटरने भार सांगायचा आणि कंट्रोलरने त्यावरून ठरवायचं, आणखी यंत्रं चालू करायची की नाही.

एका सकाळी कंट्रोलरच्या पडद्यावर भट्टीचा भार दिसला फक्त नव्वद अँपिअर. बरीच वीज शिल्लक आहे असं समजून कंट्रोलर खुशाल यंत्रांची दुसरी लाइन चालू करायला निघाला. आत्याने सवयीने भट्टीच्या वीज-पॅनेलच्या दारावर तळहात टेकला. दार रोजच्यासारखंच घुमत होतं, म्हणजे भार उतरलेला नव्हता. तिने लाइन थांबवायचं बटण दाबलं, मग केबललाच चिमटा-मीटर लावून भार मोजला. चारशे दहा!

"म्हणजे काय, पडदा खोटं बोलतोय?" इंजिनियर उखडला.

"पडदा बिचारा ऐकलेलं सांगतो. त्याला सांगितलं कुणी, ते शोध."

शोधलं, तर चाचणीच्या टेबलावर एक जादा मीटर निघाला. आदल्या दिवशी इंजिनियरनेच त्याला सात नंबर दिला होता, नव्वदचा आकडा भरला होता आणि वायर काढायला विसरला होता. भट्टीचा मीटरही सातच. कंट्रोलरने "सात?" म्हणून विचारलं की टेबलावरचा आधी "मी" म्हणायचा, आणि कंट्रोलर मान डोलवायचा. दुसरी लाइन चालू झाली असती, तर भार पेलला नसता, मुख्य स्विच पडला असता आणि भट्टीचीही वीज गेली असती.

इंजिनियरचा चेहरा उतरला. आत्या त्याला एवढंच म्हणाली, "त्याला विचारायला शिकव बाबा. मी म्हणजे कोण?"

तीन आठवडे तो त्याच कामामागे होता. प्रत्येक मीटरला त्याचं स्वतःचं ओळखपत्र मिळालं, आणि प्रत्येक निरोपावर मोहोर. वाटेत कुणी आकडा बदलला की मोहोर जुळणार नाही.

चाचणीला अख्खी पाळी जमली. आत्याने तोच टेबलावरचा मीटर, तोच सात नंबर, स्वतःच्या हाताने जोडला. सगळे पडद्याकडे वाकले. मग पडद्यावर अक्षरं उमटली: "अनोळखी उपकरण. संपर्क नाकारला." आणि भट्टीचा आकडा चारशे दहावर ठाम!

टाळ्या, शिट्ट्या, नुसता दंगा. मोठे साहेब कधी कुणासाठी खुर्ची सोडत नसत, तेही उठून उभे राहिले. आत्या कंट्रोलरच्या पेटीवर थाप मारून म्हणाली, "चला, सव्वीस वर्षांनी एक तरी शहाणा निघाला इथे!"

निवृत्तीनंतर ती फार जगली नाही. शेवटच्या आजारपणात, एका दुपारी, दारावर टकटक झाली.

"कोण?"

"मी."

पुढचा ठरलेला प्रश्न यायच्या आतच बाहेरचा हसला. "भट्टीकडचा इंजिनियर. सात नंबरचा गुन्हेगार. तुम्हाला बघायला आलोय, आत्या."

"मग ढकल की. दार उघडंच आहे."