आधीच सांगून ठेवलेले आकडे

एखादा माणूस सोळा तास सलग जागा असेल, तर सतराव्या तासाला त्याच्या शब्दावर तुम्ही भरधाव आगगाडी सोडाल का?

प्रश्न उद्धट वाटेल. पण तुम्ही रात्रीच्या गाडीत वरच्या फळीवर निवांत झोपता, तेव्हा ती गाडी अशाच कुणाच्या तरी शब्दावर पुढे जात असते. हे मी सांगू शकतो, कारण तो शब्द ऐकून वहीत लिहिणं हे माझं काम आहे.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका लहानशा स्टेशनात असिस्टंट मास्तर आहे. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. आमच्या घरात खेळणी नव्हती, पत्रकं होती. सभेची, संपाची, संयुक्त महाराष्ट्राची. मी वाचायला त्यांच्यावरच शिकलो, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा मी जे वाक्य सलग वाचलं ते 'आठ तासांवर एक मिनिटही नाही!' असं होतं. नवं राज्य झालं तेव्हा मी मॅट्रिकला होतो आणि आता सगळ्यांचे तास मोजले जाणार, अशी माझी खात्री होती. मग मी नोकरीला लागलो.

स्टेशनाच्या पश्चिमेला, होम सिग्नलच्या, म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीच्या सिग्नलच्या, आत एक फाटक आहे. मोताळ्याकडून येणारा रस्ता तिथे रूळ ओलांडतो. हे फाटक सिग्नलला जोडलेलं नाही. म्हणजे फाटक उघडं राहिलं तरी सिग्नल पडतो, वाट मोकळी दाखवतो आणि गाडी येते. मध्ये राखण एकच, फाटकवाल्याच्या गुमटीतला, त्या एवढ्याशा खोलीतला, फोन. गाडी यायची असली की मी फोनचं हॅण्डल फिरवून फाटकवाल्याला कळवायचं. त्याने फाटक लावायचं, आपल्याजवळच्या उलटसुलट आकड्यांच्या छापील तक्त्यातला पुढचा आकडा मला सांगायचा आणि तो खोडायचा. आकडा मी वहीत लिहायचा आणि मगच सिग्नल पाडायचा. फाटक लागलं आहे आणि फाटकवाला जागा आहे, एवढंच त्या आकड्याचं म्हणणं.

फाटकावर देऊळघाटचे एक चाचा होते. वयाने माझ्या वडिलांएवढे. मी त्यांना चाचा म्हणायचो, ते मला छोटे मास्तर. गेल्या थंडीत, कापसाच्या दिवसांत, त्यांचा जोडीदार तापाने पडला आणि बदलीला कुणी आलं नाही. पहाटे चार ते सकाळी दहा आमचा सांधे बदलणारा पॉइंट्समन तिथे जाऊन बसायचा. बाकीचे अठरा तास चाचांचे.

मग आमच्यात एक रीत पडली. ती मी पाडली नाही, पण मी मोडलीही नाही. रात्रीची शेवटची पॅसेंजर गेली की चाचा फाटक लावून घ्यायचे आणि पुढच्या तीन मालगाड्यांचे तीन आकडे मला एकदमच सांगून टाकायचे. मी ते कागदाच्या कपट्यावर टिपायचो आणि गाडी आली की वहीत उतरवायचो. फाटक तर लावलेलंच आहे, कुणी बैलगाडीवाला आला तर हाक मारून उठवील, मग बिघडलं कुठे? दमलेल्या माणसाला दोन तास पाठ टेकायला मिळते. मला ते चांगुलपणाचं काम वाटायचं. आठ तासांची पत्रकं वाचत वाढलेला मी, अठरा तासांची ड्युटी अशी सोयीची करून देत होतो.

तिसऱ्या रात्री चाचांनी फोनवर आकडे सांगितले, "लिहा, छोटे मास्तर. सत्तावीस. त्रेसष्ट. सत्तावीस." मी टिपले. दोघांच्याही काही लक्षात आलं नाही.

दोन मालगाड्या गेल्या. तीनच्या सुमारास तिसरी पलीकडच्या स्टेशनातून सुटली. मी टाक दौतीत बुडवून सत्तावीस लिहायला गेलो, तर वर एकच ओळ सोडून सत्तावीस आधीच लिहिलेले. तक्त्यातला खोडलेला आकडा पुन्हा येत नाही. तपासनीसाने वही उघडली की आमची चोरी उघडी पडणार होती. म्हणून, फक्त म्हणून, मी फोन फिरवला. हे कबूल करायला मला लाज वाटते. त्या क्षणी मला तत्त्व आठवलं नव्हतं, वही आठवली होती.

गुमटीतून उत्तर नाही. पुन्हा फिरवला. नाही.

तिकडे गाड्यांवर नजर ठेवणाऱ्या कंट्रोलचा फोन खणखणला. "काय हो, मालगाडी दारात उभी आहे. झोपलात का?"

चांगलं झणझणीत उत्तर मला दुसऱ्या दिवशी सुचलं. तेव्हा मी नुसतं म्हणालो, "फाटक मिळत नाहीये." सिग्नल मी पाडला नाही. होम सिग्नलपाशी उभा राहून ड्रायव्हर शिट्टीवर शिट्टी देत होता. आणि अचानक गुमटीचा फोन वाजला.

"मास्तर, सिग्नल पाडू नका! फाटक उघडं हाये!"

"नाही पाडला, चाचा."

"बैलगाड्या हायेत रुळावर. कापसाच्या. गाडीवाले सारे झोपेल हायेत, बैलं आपले चालून राह्यले."

"किती आहेत?"

"मोजून राह्यलो... सहावी गेली... थांबा."

त्यांनी फोन तसाच लोंबकळत सोडला. त्यातून मला चाकांची करकर ऐकू येत होती, घुंगरं ऐकू येत होती, आणि चाचांचा आवाज, "ए भाऊ, ऊठ बे! सासुरवाडी हाये का इथं?" मग साखळीचा खणखणाट. मग धापा टाकत, "लागलं फाटक. आकडा घ्या. एकेचाळीस. ह्या टायमाले डोळ्यानं पाहून देऊन राह्यलो."

मी एकेचाळीस लिहिले. त्या रात्रीच्या पानावर ते सगळ्यात वेडंवाकडं अक्षर आहे. मालगाडी धडधडत गेली. ना बैलाला धक्का लागला ना माणसाला. मी टेबलाची कड धरून उभा होतो आणि एकटाच हसत होतो, थांबवताच येईना.

झालं होतं ते असं. दुसरी मालगाडी गेल्यावर पहिल्या गाडीवाल्याने हाक मारून चाचांना उठवलं होतं. त्यांनी फाटक उघडलं आणि मागच्या गाड्या येईपर्यंत खाटेवर टेकले. तिथेच त्यांचा डोळा लागला, तो इंजिनाच्या शिट्टीने उघडला.

सकाळी आमचे मोठे मास्तर आले. गाडी का थांबली, याचं उत्तर लेखी द्यायचं होतं. ते म्हणाले, "फोन नादुरुस्त, असं लिहा नि मोकळे व्हा. कोणी मेलं का?" सल्ला वाईट मनाने दिलेला नव्हता. फाटक उघडं टाकून झोपला असं लिहिलं तर चाचांची नोकरी जाण्यासारखीच होती. मी गुमटीवर गेलो.

"चाचा, खरं ते लिहावं म्हणतो."

"माही नोकरी जाईन."

"माझीही जाईल. आकडे मी लिहून घेत होतो."

"तुमची गेली तं तुम्ही सभेत भाषण कराल. मी काय करू? देऊळघाटले जाऊन बकऱ्या चारू?"

तुम्ही नाही म्हणालात तर लिहीत नाही, एवढं मी सांगितलं. चाचा चूल फुंकायला बसले. चहा झाला, माझ्या हातात कप दिला आणि मग म्हणाले, "फोन बिघडला लिहाल तं फोन दुरुस्त करणारा येईन. माह्या जोडीले दुसरा माणूस काऊन येईन? लिहा. पण माहे तासबी लिहा. घड्याळासहित."

मी लिहिलं. आधी सांगून ठेवलेले आकडे, माझा कपटा, उघडं फाटक, सगळं. आणि त्याच्या खाली हजेरीतून उतरवलेले चाचांचे तीन दिवसांचे तास. माझ्या लिखाणात पहिल्यांदाच एकही उद्गारचिन्ह नव्हतं.

त्यानंतरचे काही आठवडे वाईट गेले. चाचा दिसले की मी नजर चुकवायचो. चौकशीला एक साहेब आले, गुमटीत चाचांसमोर खाटेवर बसले आणि तासांचाच कागद पुन्हा पुन्हा वाचत राहिले. शेवटी आम्हा दोघांना नुसती लेखी ताकीद मिळाली, नोकऱ्या राहिल्या. ती घेऊन मी धावतच फाटकावर गेलो. ताकीद मिळाल्याचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल. पुढच्याच महिन्यात फाटकावर तीन माणसं झाली, आठ-आठ तासांची.

चाचा अजून तिथेच आहेत. परवा म्हणाले, "बायको इचारून राह्यली, हा माणूस काऊन घरात दिसून राह्यला?" आता रात्री फोन फिरवला की दुसऱ्या घंटीला आवाज येतो आणि आकडा फाटक लागल्यावरच येतो. माझी झोपही सुधारली आहे.

तुमच्याही गावाजवळ एखादं फाटक असेल. पुढच्या खेपेला तिथे थांबावं लागलं तर फाटकवाल्याला शिव्या घालू नका. जवळ जा आणि विचारा, "कितवा तास चालू आहे?" उत्तर आठाच्या पुढचं आलं, आणि त्याची हरकत नसली, तर घरी जाऊन रेल्वेच्या वरच्या कचेरीला एक पोस्टकार्ड लिहा. फाटक कुठलं, दिवस कुठला, तास किती. बाकी काही लिहू नका, पण पोस्टात मात्र टाका.