बारवेची तिसरी पायरी

आमचं गाव सेनगाव तालुक्यात, धरणाच्या पाण्याकाठी. बोटी आल्या, हिवाळ्यात पक्षी बघायला जीपा भरून माणसं येऊ लागली, तेव्हा त्यांना दाखवायला गावात काही जुनं असावं असं सरपंचाच्या मनात आलं. जुनी म्हणावी अशी एकच गोष्ट होती, काठावरची दगडी बारव. मी निवृत्त मास्तर, शिवाय सरपंचाचा चुलता. फलकाचा मजकूर माझ्याकडे आला.

बारव कोणाची, हे मला ठाऊक होतं. आतल्या भिंतीत एक दगड होता, त्यावर पाठीवर गोण्या लादलेला बैल कोरलेला. बैलांवरून धान्य आणि मीठ नेणाऱ्या तांड्याने वाटेवर पाणी असावं म्हणून ती बांधली, असं माझे वडील सांगत; त्याच लोकांची वस्ती, तांडा, आजही गावाबाहेर आहे. फलकावर मी लिहिलं, आमच्या घराण्याच्या पूर्वजांनी बांधली. पुतण्या म्हणाला होता, "काका, घराण्याचं नाव असलं की पाव्हण्यायला बरं वाटते." पण जबरदस्ती कोणी केली नव्हती. ते नाव तिथे बघायला मलाच हवं होतं.

दुरुस्तीत भिंत उतरवली आणि तो दगड सुटा झाला. गवंड्याने विचारलं, "गुरुजी, हा बैल कुठं बसवू?"

तिसरी पायरी फुटलेली होती. मी म्हणालो, "तिथं घाल. बैल खाली."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग चुना पसरला.

पुढे बारवेला दार आणि कुलूप बसलं. किल्ली माझ्याकडे. पाण्यात काही टाकू नये, अशी पाटीही लागली. श्रावणात तांड्याच्या पोरी टोपल्यांत गहू पेरतात, नऊ दिवस पाणी घालून वाढवतात आणि तीज सणाच्या शेवटच्या दिवशी गात येऊन ते अंकुर बारवेच्या पाण्यात शिरवतात. त्या वर्षी कुलूप बघून त्या धरणाच्या काठाला गेल्या. गाळात एक पोरगी कमरेपर्यंत रुतली. बायांनी ओढण्या बांधून तिला बाहेर काढलं. मी ते घराच्या ओट्यावरून बघितलं. किल्ली खुंटीला होती.

पुढच्या श्रावणात, तिजेच्या शेवटच्याच दिवशी, ग्रामसभा होती. तांड्यातली सगळ्यांत म्हातारी बाई उभी राहिली. आईला तिकडे याडी म्हणतात, तिला सगळा तांडा याडीच म्हणतो.

"कुलूप काढा. पोरी टोपल्या घेऊन भाईर उभ्या हायेत."

"याडी, ते वारसास्थळ हाय आता," सरपंच म्हणाला. "तुमची बारव म्हणता, तर पुरावा दाखवा."

"भिंतीत बैल होता."

मागून कोणीतरी म्हणालं, "चरायला गेला आसंल." सभा हसली. ती हसली नाही. "गुरुजींनी पाह्यला हाय. त्यायला इचारा."

सगळे माझ्याकडे वळले. मी उठलो. पुतण्या हळूच म्हणाला, "काका, बसा खाली." मी म्हणालो, "पहार आणा. फलक मी लिहिला, तो खोटा आहे."

बारवेचं दार मीच उघडलं. तिसऱ्या पायरीखाली पहारही मीच घातली. दगड फुटला तर माझा शब्द तेवढा उरणार होता, आणि त्याची किंमत आता काय होती? दुसऱ्या हिसक्याला पायरी सुटली. दोघांनी ती उलटी केली. बैलाचं एक शिंग तुटून चुन्यात अडकलं होतं, गोण्या शाबूत होत्या.

याडी खाली बसली आणि बैलाच्या डोळ्यातला चुना नखाने कोरून काढू लागली. वर दाराशी पोरी टोपल्या घेऊन थांबल्या होत्या.

"गुरुजी," ती मान वर न करता म्हणाली, "लेकरू गाळात रुतलं, तवा काहून बोलला न्हाई?"

मी किल्ली तिच्यासमोर धरली. तिने ती घेऊन कमरेला खोचली, पोरींना हाताने आत बोलावलं आणि मग माझ्याकडे बघत राहिली. तिला उत्तर हवं होतं. ते मी अजून दिलेलं नाही.